रेडिएटरचे आवरण : शोभा, सुरक्षितता आणि उष्णतेचा हिशोब

प्रस्तावना

रेडिएटर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोटारीच्या इंजिनापुढचा भाग येतो. थंड देशांतील घरांत मात्र रेडिएटर म्हणजे भिंतीलगत उभा केलेला, बिडाच्या पोकळ स्तंभांचा संच. बॉयलरमधून आलेली वाफ किंवा गरम पाणी त्यातून फिरते आणि खोली उबदार होते. या संचावर आवरण घातले तर उष्णता वाया जाते का? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

आवरण का आले?

सेंट पीटर्सबर्गचे उद्योजक फ्रांझ सान गाली यांनी 1850 च्या दशकात बनवलेल्या उपकरणापासून आधुनिक रेडिएटरची सुरुवात मानली जाते. 1870 च्या दशकात अमेरिकेत नेल्सन बंडी यांचा बिडाचा रेडिएटर लोकप्रिय झाला. वाफेचा रेडिएटर सुमारे 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्यामुळे मुलांना चटका बसण्याची भीती असे. वर चढणाऱ्या हवेतील धुळीने मागची भिंतही काळवंडे. म्हणून जाळीदार पत्र्याची किंवा लाकडाची आवरणे आली.

याच काळात खोलीत ताजी हवा हवीच, असा आरोग्यविषयक आग्रह होता. 1918 च्या इन्फ्लुएंझा साथीने तो आणखी बळावला. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी ठेवूनही ऊब टिकावी, या बेताने अमेरिकेत अनेक इमारतींत मोठे रेडिएटर बसवले गेले. पुढे खिडक्या बंद राहू लागल्या आणि खोल्या गरजेपेक्षा जास्त तापू लागल्या. अशा घरांत आवरणाने उष्णता थोडी घटली, तर ती सोयच होती.

उष्णता खोलीत कशी पोहोचते?

रेडिएटर हे नाव प्रारणावरून पडले. पण आतले स्तंभ एकमेकांकडेच प्रारण करतात, त्यामुळे अशा संचातून बरीचशी उष्णता हवेच्या अभिसरणाने खोलीत जाते. आवरण पुढचे प्रारण अडवते. मात्र खाली आणि वर मोकळी वाट असेल, तर तेच आवरण धुराड्यासारखे काम करते. आतली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि जमिनीलगतची थंड हवा आत ओढली जाते. ही ओढ आवरणाची उंची आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या घनतेतील फरक यांवर अवलंबून असते. खालची फट बुजवली की ती थांबते.

प्रयोगशाळेतील उत्तर

इलिनॉय विद्यापीठात आर्थर विलार्ड आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या आवरणांच्या चाचण्या घेतल्या. त्यांचा अहवाल 1929 मध्ये निघाला. किती वाफेचे पाणी झाले आणि खोलीत वेगवेगळ्या उंचीवर तापमान किती राहिले, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र पाहिल्या. योग्य रचनेचे आवरण असेल तर कमी वाफेतही माणसाच्या वावराच्या पातळीवर ऊब राखता येते, असे त्यातून दिसले.

येथे दोन संकल्पना वेगळ्या ठेवायला हव्यात. 100 अंशांना 1 किलोग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 2257 किलोज्यूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो. आवरणामुळे कमी वाफ थंडावली, तर रेडिएटरची उष्णता देण्याची क्षमता घटते. पण न थंडावलेल्या वाफेतील उष्णता लगेच वाया जात नाही. खरा तोटा होतो तो कोंडलेली गरम हवा मागची बाह्य भिंत तापवते आणि उष्णता घराबाहेर जाते तेव्हा.

डिझाइनचे नियम

1. तळाशी पूर्ण रुंदीची फट ठेवावी.
2. हवा बाहेर पडण्यासाठी वरच्या भागात मोठी जाळी द्यावी. सपाट बंद झाकण टाळावे.
3. मागच्या भिंतीवर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावावा, म्हणजे प्रारण खोलीकडे परतते. भिंत बाहेरची असेल तर उष्णतारोधक थरही द्यावा.
4. झडपेपर्यंत हात पोहोचेल अशी सोय ठेवावी.

विचारासाठी प्रश्न : खोलीला जेमतेम पुरणाऱ्या रेडिएटरवर आणि गरजेपेक्षा मोठ्या रेडिएटरवर एकच आवरण घातले, तर परिणाम वेगळे का दिसतील?