कुरुदेशातील पाणवठा आणि ‘सति’

सम्यक् स्मृती हे आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग. तिच्यासाठी मूळ पालि शब्द ‘सति’ असा आहे आणि या लेखात मी तोच वापरीत आहे. ‘स्मृती’ म्हटले की आपल्या समाजाला वेगळेच ग्रंथ आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. सतिविषयी आपल्यात दोन मते ऐकू येतात. ती भिक्खूंची साधना आहे, दिवसभर राबणाऱ्या गृहस्थाला तिचे काय, असे एक मत. दुसरे अधिक तीव्र आहे : डोळे मिटून बसल्याने समाजाचे प्रश्न सुटत नाहीत, ही संघर्षापासूनची पळवाट होय. दोन्ही मतांच्या मुळाशी गृहीत एकच, की सति ही संसाराबाहेरची गोष्ट आहे. पालि वाङ्मय या गृहीताला आधार देत नाही.

सतिपट्ठान सुत्ताची देशना भगवंतांनी कुरुदेशातील कम्मासधम्म या निगमात केली. कुरुदेश म्हणजे आजच्या दिल्ली-हरियाणाचा परिसर. इतके गंभीर सुत्त याच ठिकाणी का सांगितले, हा प्रश्न अट्ठकथाकारांनीच उपस्थित केला आहे. त्यांचे उत्तर विलक्षण ऐहिक आहे. तेथील हवामान चांगले, अन्न सकस. त्यामुळे लोकांची शरीरे व मने निरोगी, म्हणून गंभीर धम्म ग्रहण करण्यास समर्थ. पोटाचा आणि प्रज्ञेचा हा संबंध बौद्ध परंपरेने कधी लपविला नाही. आळवी येथे हरवलेला बैल शोधून थकलेला एक गरीब शेतकरी उपाशीपोटी धम्मश्रवणास आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालावयास लावले आणि मगच देशना केली, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे.

कुरुदेशाचे पुढील वर्णन तर मुळातून वाचावे असे आहे. तेथे भिक्खू, भिक्खुनी, उपासक आणि उपासिका सतिपट्ठानाचा अभ्यास करीतच. परंतु दास, कामकरी आणि चाकरमाणसे यांच्या बोलण्याचा विषयही तोच असे. पाणवठ्यावर किंवा सूत कातण्याच्या जागी जमलेल्या स्त्रिया निरर्थक गोष्टी बोलत नसत. बाई, तू कोणत्या सतिपट्ठानाचा अभ्यास करतेस, असे एकीला विचारले जाई. ‘कोणत्याही नाही’ असे उत्तर आले, तर बाकीच्या तिची चांगलीच कानउघाडणी करीत. पण तेवढ्यावर न थांबता तिला एक सतिपट्ठान शिकवीत. तिने अभ्यासाचे नाव सांगितले, तर साधुकार देऊन तिचे कौतुक करीत. पाणवठा हा शब्द आपल्या वाचकांना सहज ओलांडून पुढे जाता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वारसांना दासीच्या तोंडचा धम्म पाणवठ्यावर ऐकू यावा, ही लहान गोष्ट नव्हे.

याच ठिकाणी एका पोपटाचीही कथा येते. भिक्खुनींच्या निवासात राहणाऱ्या या पोपटाला थेरीने ‘अट्ठि, अट्ठि’ (हाड, हाड) असा मनसिकार दिला होता. एके दिवशी शिकारी पक्ष्याने त्याला उचलले. सामणेरींनी आरडाओरडा करून त्याची सुटका केली. त्या वेळी तुझ्या मनात काय होते, असे थेरीने विचारता, हाडांचा एक सापळा दुसऱ्या सापळ्याला घेऊन चालला आहे, एवढेच मनात होते, असे तो म्हणाला. ही कथा अर्थातच इतिहास नाही. कुरुदेशाचे कौतुक करताना कथाकाराला आवर घालता आला नाही, असेच म्हणावे लागेल.

मग उरलेले वर्णन तरी कितपत प्रमाण मानावे? आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपूरच्या महाविहारात राहून सिंहली अट्ठकथांच्या आधारे इ. स. च्या पाचव्या शतकात ही रचना केली. भगवंतांच्या काळापासून ती सुमारे हजार वर्षे दूर आहे. पाणवठ्यावरील संवाद शब्दशः घडला, असे कोणी अभ्यासक म्हणणार नाही. परंतु सतीला दास-दासींच्या कामाच्या जागी बसविताना महाविहाराच्या परंपरेला काहीही विपरीत वाटले नाही, हे मात्र त्यातून निर्विवाद दिसते. १९६६ साली दिल्लीत श्रीनिवासपुरीजवळ सम्राट अशोकाचा लघु शिलालेख सापडला. त्यात सतीचा उल्लेख नाही. मात्र धम्माच्या उद्योगाचे फळ केवळ थोरांनाच नव्हे, तर उद्योग करणाऱ्या लहानांनाही मिळते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे बुद्धघोषांच्या कितीतरी शतके आधी याच भूमीत हा विचार दगडावर कोरला गेला होता.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. संयुत्तनिकायातील सेदक सुत्तात भगवंतांनी सति समजावून सांगण्यासाठी वेळूवर कसरत करणाऱ्या डोंबाऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. त्याच्यासाठी मुळात ‘चण्डालवंसिक’ असा शब्द आहे. अनुवादांत त्यातील ‘चण्डाल’ बहुधा गळतो आणि नुसता कसरतपटू उरतो. माझ्या मते हे नुकसान आहे. गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. असे केले म्हणजे आपण खेळ दाखवू, कमाई करू आणि सुखरूप खाली उतरू. शिष्य म्हणतो, असे नव्हे. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो. शिष्याचेच बरोबर, असा निर्णय भगवंत देतात. वेळूच्या टोकावर ज्याचा स्वतःचाच तोल गेला, तो दुसऱ्याला काय सावरणार!

परंतु सुत्त येथे संपत नाही, आणि पळवाटीचा आरोप करणाऱ्यांनी पुढचा भाग अवश्य पाहावा. स्वतःचे रक्षण करणारा इतरांचे रक्षण करतो, तसेच इतरांचे रक्षण करणारा स्वतःचेही करतो, असे भगवंत सांगतात. पहिले घडते ते सतीच्या सततच्या अभ्यासाने. दुसरे खन्ति, अविहिंसा, मेत्तचित्तता आणि अनुदया यांनी, म्हणजे क्षमाशीलता, अहिंसा, मैत्रीपूर्ण चित्त आणि कळवळा यांनी. हे चारही गुण दुसरा माणूस समोर असल्याखेरीज आचरता येत नाहीत. घरात, कारखान्यात, वस्तीच्या बैठकीतच त्यांची परीक्षा होते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनीही सम्यक् स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती, दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा असाच केला आहे. पहारा ज्याच्या त्याच्या कामाच्या जागीच द्यावा लागतो.

सुत्तात त्या गुरूचे नाव आलेले नाही. शिष्याचे मात्र आले आहे : मेदकथालिका.