ब्राइटचा चमचा आणि ॲडिसनची ग्रंथी

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईची तपासणी होते, तेव्हा वजन, बीपी आणि हिमोग्लोबिनबरोबर लघवीही पाहतात. लघवीत बुडवलेली पिवळी पट्टी हिरवट झाली, तर प्रथिने वाहून जात आहेत हे कळते. ही मूत्रपिंडाची तपासणी समजली जाते, आणि ते खरेही आहे. पण तिचे कूळ शोधत मागे गेले, की मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेली अधिवृक्क ग्रंथीही त्याच घराण्यात सापडते. मूत्रपिंड आणि ही ग्रंथी यांची ताटातूट निसर्गाने केलेली नाही. वैद्यकाला एकाचे काम दिसत होते, दुसरीचे मोजता येत नव्हते, म्हणून ती झाली. आज दोन्ही मोजता येतात, तरी ती जुनी वाटणी आपल्या व्यवहारात टिकून आहे.

१७६४ साली इटलीतल्या दोमेनिको कोतुन्यो याने अंगभर सूज आलेल्या एका सैनिकाची लघवी उकळली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. त्या साक्याचा अर्थ लावला तो लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने, १८२७ मध्ये. अंगावरची सूज, गोठणारी लघवी आणि शवविच्छेदनात आढळणारी बिघडलेली मूत्रपिंडे ही एकाच आजाराची रूपे आहेत, असे त्याने दाखवले. चमच्यात थोडी लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायची, एवढ्यावर त्याची परीक्षा भागे. त्याच रुग्णालयातल्या टॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये दुसऱ्या आजाराचे वर्णन केले: कमालीची अशक्तता, क्षीण नाडी, काळवंडणारी कातडी आणि शेवटी मृत्यू. या रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी नासलेल्या होत्या, अनेकांच्या क्षयाने. दोघांनी १८३९ साली वैद्यकाचा एक ग्रंथही मिळून लिहिला होता. तरीही हे दोन शोध एकमेकांना भेटले नाहीत. ब्राइटच्या हाती जिवंत माणसाची लघवी होती, ॲडिसनच्या हाती मेलेल्याची ग्रंथी. ती ग्रंथी रक्तात काय सोडते, हे कळायला आणखी कित्येक दशके जायची होती.

भेट घडली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. अधिवृक्काच्या संप्रेरकांवरच्या संशोधनाला १९५० चे नोबेल मिळाले. नेफ्रोटिक सिंड्रोमने, म्हणजे लघवीवाटे प्रथिने भरपूर वाहून जाणाऱ्या आजाराने, सुजलेल्या मुलांना ही संप्रेरके देऊन पाहिली, तेव्हा अनेकांच्या लघवीतली प्रथिने थांबली. याच संप्रेरकांच्या जातीचे प्रेडनिसोलोन आजही या आजारातले पहिले औषध आहे. मात्र तेच औषध फार दिवस घेतले तर रुग्णाची स्वतःची ग्रंथी मंदावते, म्हणून ते एकदम बंद करणे धोक्याचे असते. उलट दिशेनेही नाते आहे. गळती मोठी असेल, तर कॉर्टिसॉल हे अधिवृक्काचे संप्रेरक वाहून नेणारे प्रथिनही लघवीवाटे जाते आणि ग्रंथी ठीक असूनही रक्तातले एकूण कॉर्टिसॉल कमी दिसू शकते. पुढे १९५३ मध्ये याच ग्रंथीचे अल्डोस्टेरोन हे संप्रेरक हाती आले, आणि १९५५ मध्ये अमेरिकेतल्या जेरोम कॉनने त्याचा अतिरेक करणारा आजार मांडला. अशा रुग्णांच्या लघवीत साध्या बीपीवाल्यांपेक्षा जास्त अल्ब्युमिन हे प्रथिन आढळते. ग्रंथीवरची गाठ काढल्यावर ते उतरते.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सारा बीपीचाच खेळ असेल. बीपीचा वाटा आहेच, पण सगळा हिशेब त्याच्यावर मांडता येत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिडेलिओ चाचणीत मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या ५,७०० हून अधिक रुग्णांचा अभ्यास होता. अल्डोस्टेरोनचा परिणाम रोखणाऱ्या फिनेरेनोनने चार महिन्यांत त्यांचे लघवीतले अल्ब्युमिन, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३१ टक्क्यांनी घटवले. बीपी मात्र किंचितच उतरले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मग लघवीतल्या प्रथिनांवरून ग्रंथीचे निदान करायचे का? मुळीच नाही. ॲडिसनच्या आजाराची खूण प्रथिने ही नव्हे, आणि ताप किंवा जास्त श्रमानेही ती तात्पुरती दिसतात. फेसाळ लघवी पाहून ‘ग्रंथी थकली’ असे सांगणाऱ्याला शास्त्राचा आधार नाही. लघवी सांगते ती मूत्रपिंडाच्या गाळणीची हानी. ती घडवणाऱ्यांत ग्रंथीचा हात असू शकतो, एवढाच या नात्याचा अर्थ.

तो अर्थ मराठवाड्यात कामाचा आहे. तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी कार्यक्रमात होते, पण प्रथिनांची पट्टी मुख्यतः गरोदरपणाशी जोडलेली राहिली आहे. अल्डोस्टेरोनची झळ बसते ती बीपी-शुगरच्या रुग्णांना. पट्टी फक्त मोठी गळती पकडते, हे मान्य. सूक्ष्म गळती मोजण्याची वाट १९६३ मध्ये हॅरी कीन यांनी दाखवली, तीही गाईज हॉस्पिटलमध्येच. पण त्या त्रुटीवरून पट्टी टाकून देणे चूक ठरेल. बीपी-शुगरच्या प्रत्येक रुग्णाची लघवी वर्षातून एकदा पाहावी, दोष दिसला तर पुन्हा तपासावी, आणि पट्टी कोरी असली तरी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन मोजणीसाठी नमुना नांदेड-लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे जावा. ब्राइट आणि ॲडिसन यांच्या शोधांची सांगड शास्त्राने घातली आहे. ती आता उपकेंद्राच्या नोंदवहीतही घातली गेली पाहिजे.