पडद्यामागचा आवाज

परवा 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) पुन्हा पाहिला. जीन केली भर पावसात छत्री मिटून नाचतो, तोच.

गोष्ट १९२७ च्या हॉलिवूडची. बोलपट येतात आणि मूकपटांची लाडकी नायिका लीना अडचणीत सापडते, कारण तिचा आवाज अगदीच चिरका. मग नवख्या कॅथीचा आवाज तिच्या तोंडी घालतात. शेवटी दोरी ओढून पडदा वर नेतात आणि मागे गाणारी कॅथी सगळ्यांना दिसते. इथे दर वेळी मला फार बरं वाटतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. कॅथी झालेल्या १९ वर्षांच्या डेबी रेनॉल्ड्सची काही गाणी प्रत्यक्षात गायली बेटी नॉयसने. आणि कॅथी लीनासाठी संवाद म्हणते, तिथे आवाज आहे जीन हेगनचा, म्हणजे खुद्द लीनाचं काम करणारीचा!

श्रेयनामावलीत नॉयस नाही. आपल्या 'महल'च्या (१९४९) रेकॉर्डवरही आधी लताबाईंऐवजी 'कामिनी' हे पात्राचंच नाव छापलं होतं. लताबाईंचं नाव पुढे घरोघरी पोचलं. नॉयससाठी मात्र ती दोरी कुणी ओढली नाही.