मांगवाड्यातली प्रार्थना आणि आपण



रेणापूर तालुक्यातल्या काही मातंग वस्त्यांमध्ये रविवारी सकाळी पत्र्याच्या खोलीतून टाळ्यांचा आणि ढोलकीचा आवाज येतो. येशूची प्रार्थना चालू असते. आपल्यातले कार्यकर्ते शेजारून जाताना हसतात, "आले आलेलुयावाले." आम्हीही हसलेलो आहोत, ते आधीच कबूल करतो. पण ही माणसं तिथे का बसतात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. एकदा एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "पोरगं लातूरला सरकारी दवाखान्यात आठ दिवस होतं. पाष्टर रोज डबा घेऊन यायचे. तुमच्यातलं कोण आलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा इतिहास काढून बसलो.

मराठवाड्यात हे आजचं नाही. नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी झाले आणि निजामाच्या मुलखात जालन्याला आले. ज्या जातीची सावली बाटवते असं त्यांच्या कुळात शिकवलं जायचं, त्या मांगांमध्ये त्यांनी मुक्काम ठोकला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे घरं, शाळा, चर्च उभं राहिलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला स्वतःचं गाव मिळालं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. येसकरकी, मेलेलं ढोर आणि दोर वळणं यापलीकडे आयुष्य असू शकतं, हे डोळ्यांना दिसलं.

तिकडे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासून होतं. तिथल्या मिस फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळेने जोतीराव प्रभावित झाले. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. आणि त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महारमांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये कुठे छापून आला? मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये. ज्यांना वेद वाचायचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या पोरीने थेट देवाला विचारला. तो छापायची हिंमत ख्रिस्ती नियतकालिकाने दाखवली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण म्हणून त्यांनी मिशनऱ्यांचं ऋण नाकारलं नाही. आपण मात्र नाकारतो.

आता नेहमीचा आरोप. दुष्काळात भाकरी देऊन बाटवलं. 1876-78 च्या दुष्काळानंतर नगर भागात बाप्तिस्मे वाढले, हे खरंच आहे. पण आम्ही उलटं विचारतो. पाटलाच्या कणगीत धान्य असताना महारामांगाच्या झोपडीत लोक उपाशी मरत होते, तेव्हा कोणत्या धर्माने कणगी उघडली? विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्यांनी भाकरी देणाऱ्याचा हेतू तपासावा, हा कुठला न्याय?

तरीही मिशनला सगळे गुण देऊन मोकळं होता येत नाही. इथे बाबासाहेब कामाला येतात. येवल्याच्या 1935 च्या घोषणेनंतर ख्रिस्ती पुढारी त्यांच्याकडे आशेने बघत होते. 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांच्या सभेत ते बोलले. उपलब्ध धर्मपुरुषांमध्ये बुद्ध आणि ख्रिस्त हे दोघेच आपल्याला विचारात घ्यावेसे वाटतात, असं त्यांनी सांगितलं. आणि त्याच सभेत तोंडावर सुनावलंही, की दक्षिणेत चर्चच्या आतसुद्धा जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे. पुढे आपल्या लेखनात त्यांनी आणखी खोल बोट ठेवलं. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा फायदा बराचसा उच्चवर्णीयांनी घेतला. आणि अस्पृश्यांतून आलेला ख्रिस्ती माणूस अन्यायाविरुद्ध उठण्याऐवजी शांत बसला, कारण त्याला सुटका स्वर्गात आहे असं शिकवलं गेलं. नगर भागातही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका पंगतीला बसायला, सोयरीक जोडायला तयार नव्हते. सेवा घराघरात पोचली, जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही.

मिशनच्या आतून हे कुणाला कळलं असेल तर ते ना. वा. टिळकांना. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले हे कवी आयुष्याच्या शेवटी मिशनच्या पगाराला कंटाळले. 1917 मध्ये मिशन सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालणार होते. साहेबी धाटणी टाकून अभंग-कीर्तनातून लोकांत मिसळायचं, एवढंच धोरण. 1919 ला ते वारले आणि दरबार वाढायच्या आतच संपला. (आंबेडकरी जलशांनीही लोकांच्याच चालीत लोकांशी बोलून चळवळ खेडोपाडी नेली. साधन तेच, म्हणून हे लक्षात राहिलं.)

आता रेणापूरला परत येऊ. त्या खोलीत बसणाऱ्या माणसाच्या जातीच्या दाखल्यावर 'हिंदू मांग' लिहिलेलं असतं. ते खोटारडेपणाने नाही. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद ख्रिस्ती दलिताला सवलत नाकारतो. शिखांना 1956 ला, बौद्धांना 1990 ला त्यातून वाट मिळाली. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. आपल्याला कित्येक वर्षं झगडून जे मिळालं, ते त्यांना मिळू नये असं आपण म्हणणार का? आपल्यातले काही म्हणतात, आणि ते ऐकून लाज वाटते. संविधानाच्या कलम 25 मध्ये धर्माच्या प्रचाराचा शब्द आहे. 1977 च्या स्टॅनिस्लॉस निकालाने त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं ठरवलं आणि धर्मांतरविरोधी कायद्यांना बळ मिळालं. आज तो कायदा पाष्टरवर चालेल. उद्या दीक्षा देणाऱ्या भंतेजींवर चालणार नाही, याची हमी कोण देतं?

1978 ला नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. ते मातंग होते आणि बाबासाहेबांच्या नावासाठी गेले. त्यांच्या समाजाच्या वस्तीत आपण किती वेळा बसतो? 14 एप्रिलला मिरवणूक, 6 डिसेंबरला अभिवादन, 1 ऑगस्टला अण्णाभाऊंच्या फोटोला हार. मधल्या दिवसांत तिथे कोण जातं? पाष्टर जातो.

आम्ही त्या बाईला बुद्ध सांगायला गेलो नाही. तिच्या पोराची औषधं संपत आली होती. पुढच्या तारखेला लातूरला आमच्यातले दोघे तिच्यासोबत गेले. बाहेर बाकावर पाष्टर आधीच बसलेले होते. त्यांनी सरकून जागा दिली.