परीक्षणाचे क्षेत्र किती अरुंद असावे?

बाजारातील वस्तू स्वतः वापरून तिचे गुणदोष ग्राहकांपुढे मांडणे म्हणजे वस्तू-परीक्षण. असे लेखन हाती घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो आवाक्याचा. क्षेत्र विस्तीर्ण घेतल्यास परीक्षण वरवरचे होते. फार अरुंद घेतल्यास काही महिन्यांतच लिहिण्यासारखे उरत नाही. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्याच्या उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट होतो.

विस्ताराचा धोका

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला वरूड तालुका नागपुरी संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील परीक्षकाने 'शेतीची अवजारे' हे क्षेत्र निवडले असे मानू. कपाशीला चालणारा पाठीवरचा पंप पूर्ण वाढलेल्या संत्र्याच्या शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे अधिक दाबाचा एचटीपी पंप किंवा ट्रॅक्टरवर चालणारा ब्लोअर लागतो. साहजिकच 'उत्तम पंप' असा सरसकट निर्वाळा कपाशीवाला आणि बागायतदार यांपैकी एकाची फसगत करतो.

अरुंदपणाची मर्यादा

याउलट केवळ ब्लोअर हाच विषय घेतला, तर विक्रेते मोजकेच राहतात. प्रतिकूल मत छापताच वस्तू पाहावयास मिळणे बंद होऊ शकते. शिवाय फळगळीच्या वर्षी बागायतदार मोठी खरेदी पुढे ढकलतो आणि परीक्षणाला वाचकच उरत नाही.

यावर उपाय असा, की क्षेत्राची सीमा वस्तूवरून न आखता वापरणाऱ्यावरून आखावी. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचे 'द्राक्षवृत्त' एकाच पिकाच्या उत्पादकांसाठी निघते, तर २००५ मध्ये सुरू झालेल्या 'ॲग्रोवन' दैनिकाने साऱ्या शेतीचा पट घेतला. एकट्या परीक्षकाला पहिली वाट अधिक झेपणारी. संत्रा बागायतदार हा वाचक ठरला, की फवारणी यंत्र, ठिबक संच, कलमे, छाटणीची कात्री, क्रेट असे विषय आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत पुरतात.

कसोटी काळाची

कलमांच्या बाबतीत ही निवड विशेष महत्त्वाची ठरते. कलम जंबेरीच्या खुंटावर बांधलेले आहे की रंगपूर लाइमच्या, हे विकत घेताना सहज ओळखता येत नाही. बागेचे व्यापारी उत्पादन साधारण पाचव्या वर्षी सुरू होते. सहा बाय सहा मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडे बसतात. निवड चुकली तर तेवढ्या झाडांची पाच वर्षे वाया जातात. म्हणून त्याच बागेत वर्षानुवर्षे परतू शकेल, इतकेच क्षेत्र परीक्षकाने घ्यावे.

अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे १९३६ पासूनचे नियतकालिक वस्तू दुकानातून स्वतः विकत घेऊन तपासते आणि उत्पादकांच्या जाहिराती स्वीकारत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एवढा खर्च परवडत नाही. तथापि बागायतदारांनी आधीच घेतलेली यंत्रे हंगाम संपल्यावर त्यांच्याच शेतात तपासता येतात. त्यासाठी विक्रेत्याच्या मेहेरबानीची गरज नसते.

थोडक्यात, क्षेत्र निश्चित करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : वस्तू पूर्ण हंगामभर पाहता येईल काय, वर्षभर पुरतील इतके विषय आहेत काय, आणि एक विक्रेता नाराज झाला तरी काम चालू राहील काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असल्यास क्षेत्र आखडते घ्यावे. उरलेल्या दोहोंपैकी एकाचे असल्यास ते रुंदावावे.