बुढा तलावाची फेरी

तू तात्यापाऱ्यातून चालत बुढा तलावापाशी आली आहेस. बारावीचा निकाल लागलाय, पिशवीत कॉलेजची प्रवेशपुस्तिका आहे आणि तिच्यातल्या एका तक्त्यापाशी तू कधीची अडकली आहेस: मेजर, मायनर, मल्टिडिसिप्लिनरी, स्किल, व्हॅल्यू अ‍ॅडेड. आपला अभ्यास आपणच आखायचा असं शिक्षण पुण्या-बेंगळुरूच्या महागड्या विद्यापीठांत मिळतं, रायपुरात कुठलं आलंय, असं मैत्रिणी म्हणतात. तुलाही ते पटत आलंय. म्हणून आज तळ्याला एक पुरी फेरी मार.

मधोमध विवेकानंदांचा बसलेला पुतळा आहे. त्याच्याकडे बघत पहिलं वळण घे.

पायाखालचं डांबर संपलं. हे 1877 साल आहे. रेल्वे रायपूरला पोचायला अजून अकरा वर्षं आहेत. मध्य प्रांतातल्या छत्तीसगड विभागाचं हे ठाणं, कचेरीभोवती वाढलेलं. कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त इथे येऊन राहिलेत आणि मागून त्यांचं कुटुंब आलंय. शेवटचा टप्पा बैलगाडीचा, रानातून, पंधरा दिवसांहून जास्त. थोरला मुलगा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, चौदा वर्षांचा आहे. त्याच्याजोगती शाळा तेव्हा रायपुरात नव्हती, असं त्याचे चरित्रकार लिहितात. मुलगा घरीच आहे.

बुढापाऱ्यातल्या त्या घराच्या दाराशी उभी राहा. आत वडील पाठांतर घेत नाहीत. घरी जाणती माणसं येतात तेव्हा मुलाला बसवून घेतात, त्याला मत मांडू देतात, ते खोडतात, पुन्हा मांडायला लावतात. स्वयंपाक तो इथेच वडिलांच्या हाताखाली शिकला, असंही चरित्रांत आहे. 1879 मध्ये कुटुंब कोलकात्याला परतल्यावर त्याने मागे पडलेला अभ्यास भरून काढला, एन्ट्रन्स पहिल्या वर्गात पास झाला आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात गेला.

शाळेवाचून काही अडत नाही, असा अर्थ यातून काढू नकोस. समोर रोज बसणारा, शिकलेला, सवड असलेला बाप या मुलाला लाभला होता. याच तळ्यावर गुरं पाजायला येणाऱ्या पोराला शाळाही नव्हती आणि त्याचा बाप दिवसभर शेतात होता. स्वतःच्या मर्जीचा अभ्यास करायला समोर वाद घालणारं माणूस लागतं. ते घरातच मिळणं हे नशीब. ज्यांच्या घरात ते नाही, त्यांच्यासाठी ते पुरवणं हे कॉलेजचं काम.

चालत राहा. आता 1880 चं दशक संपत आलंय, गाडीची शिटी ऐकू येते. सरकारी हायस्कुलाच्या खिडकीशी थांब. आत जाता येणार नाही, तुझ्यासाठी तिथे बाक नाही. मुलांमध्ये एक मराठी घरातला आहे: माधव सप्रे. जन्म 19 जून 1871, दमोह जिल्ह्यातलं पथरिया. घरात मराठी, पुस्तकात इंग्रजी आणि नंदलाल दुबे या शिक्षकांनी लावलेली हिंदीची गोडी. आज तळ्याजवळ ज्यांच्या नावाची शाळा आहे तेच हे. पुढे रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा त्यांनीच काढली.

मॅट्रिक झाल्यावर कुठे जायचं? रायपुरात कॉलेज नाही. सप्रे जबलपूरला शिकले, ग्वाल्हेरला शिकले, नागपूरला शिकले. मध्ये खंड पडला, पुन्हा सुरुवात केली आणि शतक संपता संपता कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली. वर्गात बसायचं नागपूरला आणि परीक्षा कलकत्त्याची, कारण नागपूरला स्वतःचं विद्यापीठ 1923 मध्ये झालं. खंड पडला, गाव बदललं, की आधीची मेहनत कुठेही जमा होत नसे. तुझ्या पुस्तिकेत 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाचा एक कंटाळवाणा परिच्छेद आहे, तो आता पुन्हा वाच. एका वर्षाचे 40 क्रेडिट खात्यावर राहतात, घरच्या अडचणीने थांबावं लागलं तर प्रमाणपत्र हातात येतं, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी 120 क्रेडिटची पदवी, चौथ्या वर्षाअखेर 160 क्रेडिटची ऑनर्स. परत येऊन पुढचं शिकता येतं, दुसऱ्या कॉलेजातही. त्या मुलाला हे मिळालं असतं तर, असं माझ्या मनात नेहमी येतं.

आता स्टेशनवर चल. बिलासपूर ओलांडून कटनीच्या बाजूला गाडी चढणीला लागते, सालाची झाडं दाट होत जातात. पेंड्रा रोड. जानेवारी 1900. सरकारी नोकरीची वाट सोडून सप्रे इथल्या राजकुमाराला शिकवतात आणि त्यांच्या टेबलावर 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकाचा पहिला अंक आहे. सोबत संपादक म्हणून रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी आणि मासिक हिंदी, कारण भोवतालचा वाचक हिंदी होता. इथे जरा जास्त वेळ बस. तुझ्या तक्त्यातल्या सगळ्या रकान्यांचं उत्तर या टेबलावर आहे, असं मला मनापासून वाटतं.

बघ काय काय चाललंय. नव्या पुस्तकांची परीक्षणं लिहायची, म्हणजे ती आधी नीट वाचायची. 1901 मध्ये याच मासिकात सप्रेंची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट आली. हिंदीतली पहिली कथा हीच, असं मानणारे अभ्यासक आहेत. अर्थशास्त्राचा व्यासंग असा की काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने वैज्ञानिक शब्दकोश करायला घेतला तेव्हा अर्थशास्त्राच्या संज्ञांचं काम त्यांनी केलं. पुढे समर्थांचा दासबोध, टिळकांचं गीतारहस्य, चिंतामणराव वैद्यांची महाभारतावरची मीमांसा हे सगळं त्यांनी हिंदीत नेलं. साहित्य, अर्थशास्त्र, धर्मविचार, इतिहास, अनुवाद. आजच्या भाषेत हे चार विभागांत विखुरलं असतं आणि वेळापत्रकात एकमेकांवर आपटलं असतं. त्यांच्याकडे ते विखुरलं नाही, कारण दर महिन्याला अंक काढायचा होता. वाचलेलं सगळं त्या एका कामाला येऊन मिळत होतं.

मासिक तीन वर्षं चाललं. डिसेंबर 1902 मध्ये तोट्यामुळे थांबलं.

पुढचा थांबा कठीण आहे. नागपूरहून 'हिंद केसरी' काढल्याबद्दल 1908 मध्ये सप्रेंवर राजद्रोहाचा खटला आला, अटक झाली आणि घरच्यांच्या आग्रहापुढे माफीनामा देऊन ते सुटले. ते त्यांना इतकं लागलं की ते सगळ्यातून बाजूला झाले. मधुकरी मागून राहिले, वर्ध्याजवळ हनुमानगडावर रामदासी गुरूंपाशी दासबोधाची पारायणं केली. हिंदी दासबोध त्या काळातून आला. या वर्षांना कोणत्याही विद्यापीठाने क्रेडिट दिले नसते. तुझ्या चार वर्षांतही एखादं वर्ष असं जाऊ शकतं, बाहेरून काहीच न दिसणारं. तेव्हा हनुमानगड आठव.

फेरी अर्धी झाली. रायपूरला परत ये, 1921 मध्ये. मागच्याच डिसेंबरात गांधीजी इथे येऊन गेलेत. सरकारी शाळा सोडा, ही हाक गावोगाव पोचली आहे. अहमदाबादला गुजरात विद्यापीठ निघालंय, पुण्यात टिळक महाविद्यालय-विद्यापीठाची मांडामांड चालू आहे आणि रायपुरात 'छत्तीसगढ मित्र'चे प्रकाशक, वकील वामनराव लाखे, राष्ट्रीय विद्यालय उभं करताहेत. 'रायसाहेब' ही पदवी त्यांनी सरकारला परत केली आहे. ज्या वस्तीला आज आपण लाखेनगर म्हणतो ते नाव यांचं. इथे आलेल्या मुलाने पक्की वाट सोडली आहे. त्याला पुढे सरकारी नोकरी मिळणार नाही, हे त्याला आणि त्याच्या आईला माहीत आहे. आपली वाट आपण निवडण्याची किंमत इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. तुझ्या बाबांना जी काळजी वाटते ना, तीच ही. तिला उडवून लावू नकोस.

1938 वर फार थांबायला नको, पण मान लववून पुढे जा. या वर्षी छत्तीसगड महाविद्यालय सुरू झालं. आज ते जे. योगानंदम यांच्या नावाने ओळखलं जातं. नागपूर-जबलपूरला मुलगा पाठवणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी पदवी गावातच आली. रविशंकर विद्यापीठ 1964 चं. निवड वगैरे गोष्टी त्यानंतरच्या. आधी दार हवं.

आता पश्चिमेची गाडी पकड, सत्तर-एक किलोमीटर. राजनांदगाव, 1958. राजवाड्याच्या आवारातलं दिग्विजय महाविद्यालय, आजूबाजूला पाणी. नवे प्राध्यापक आलेत: गजानन माधव मुक्तिबोध, वय चाळीस उलटलेलं. नागपूर विद्यापीठाची एम.ए. त्यांनी पोटापाण्याच्या खटपटीत उशिरा, पस्तिशीनंतर केली. घरात मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी, आणि हे लिहितात हिंदीत. शिकवायचं हिंदी, वाचायचं राजकारण, विज्ञान, तत्त्वज्ञान. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी 'भारत: इतिहास और संस्कृति' हे पुस्तक लिहिलं आणि 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. कवितेच्या माणसाने इतिहासात का शिरावं, असं विचारणारे तेव्हाही होते. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह 1964 मध्ये आला आणि त्याच वर्षी 11 सप्टेंबरला ते गेले. त्यांच्या वर्गात बस. विषयांच्या भिंती ओलांडायला परवानगी लागत नाही, पण ओलांडल्याचे परिणाम असतात. हे सांगणारा शिक्षक सोबत असला की विद्यार्थी धीट होतो.

एक उडी सातासमुद्रापार, झटकन. 1970, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स, हॅम्पशायर कॉलेज. इथे विद्यार्थ्यांनी आपला विषय आपण रचायचा, शिक्षकांनी गुण न देता लेखी अभिप्राय द्यायचा आणि शेवटचं वर्ष एका मोठ्या स्वतंत्र कामाला. तुला हे अनोळखी वाटणार नाही. पेंड्र्याचं टेबल तू नुकतंच पाहून आली आहेस.

आता ऊन चढलंय. पुस्तिका उघड, आजच्या तारखेची. तक्ता इतकाही भीतिदायक नाही. तीन वर्षांच्या 120 क्रेडिटपैकी निदान 60 मेजरचे आणि 24 मायनरचे. उरलेल्यात दुसऱ्या विद्याशाखेचे 9, भाषेचे 8, कौशल्याचे 9, थोडे मूल्याधारित विषयांचे, थोडे इंटर्नशिपचे. चौथं वर्ष संशोधनाचं हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात आणि मग 12 क्रेडिटचा प्रबंध. तुझं 'छत्तीसगढ मित्र' तिथे आहे. म्हणून अभ्यास मागून पुढे आखायचा: आधी प्रबंध कशावर, मग मायनर कोणता.

तुला इतिहास आवडतो आणि आजोळच्या शेतीमुळे भाताबद्दल खूप काही माहीत आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात छत्तीसगड-मध्य प्रदेशातल्या धानाचे वीस हजारांहून अधिक नमुने जपून ठेवलेत. त्यातले कितीतरी 1970 च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांकडून नावं आणि गुण विचारून गोळा केले. त्या नावांत छत्तीसगडी भाषा आहे, गावांचा इतिहास आहे, वनस्पतिशास्त्र आहे आणि बियाण्यावर हक्क कुणाचा हा कायद्याचा प्रश्नही आहे. मेजर इतिहास, मायनर वनस्पतिशास्त्र, कौशल्याच्या रकान्यात मुलाखती घेणं आणि ध्वनिमुद्रण, भाषेत छत्तीसगडी मिळत असेल तर तीच.

छापील पुस्तिकेत ही जोडी चालते. प्रत्यक्षात चालेल की नाही हे वेळापत्रकावर आणि शिक्षकांच्या संख्येवर ठरतं, आणि अनेक कॉलेजांत निवड तिथेच मरते. म्हणून फॉर्म भरण्याआधी इतिहास विभागात जा. सरांना किंवा मॅडमना विचार: वनस्पतिशास्त्राचं प्रात्यक्षिक आणि इतिहासाचा तास एकाच वेळी येतात का? येत असतील तर कुणाशी बोलायचं? चौथ्या वर्षी माझा प्रबंध कोण वाचेल, आणि तोवर महिन्यातून एकदा माझ्याशी वाद घालायला तुम्हाला वेळ आहे का? तिसऱ्या प्रश्नाला जो विभाग खुर्ची पुढे सरकवून "बस, सांग" म्हणेल, तिथे प्रवेश घे, मग त्या कॉलेजचं नाव मोठं नसलं तरी. बाबांनाही सोबत ने. त्यांचे प्रश्न तुझ्यापेक्षा वेगळे असतील आणि तेही विचारले गेले पाहिजेत: फी किती, वसतिगृह आहे का, तिसऱ्या वर्षी बाहेर पडली तर हातात काय.