जाड भिंतींच्या जुन्या घरात मेश वायफाय: नोड नेमका कुठे ठेवायचा?

मेश वायफाय म्हणजे एकाच नावाचं नेटवर्क पसरवणारे दोन-तीन राउटर. मुख्य राउटर इंटरनेटच्या वायरला जोडलेला असतो आणि बाकीचे, म्हणजे नोड, त्याच्याकडून नेट घेऊन पुढे देतात. फ्लॅटमध्ये हे बॉक्समधून काढून लावलं की बहुतेक वेळा चालतं. वाड्यात किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घरात तसं होत नाही. आमचं गावचं घर जांभ्याचं, भिंती दीड फुटाच्या. पावसाळ्यात मी तिथून काम करतो आणि माजघरात व्हिडिओ कॉल टिकला नाही, तर सामान बांधून पुण्याला परतावं लागतं. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन बघितला.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जिथे नेट येत नाही त्याच खोलीत नोड ठेवणं. नोड नेट तयार करत नाही, मिळालेलं पुढे देतो. त्यालाच कमकुवत सिग्नल मिळाला, तर फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत बसतो. कारण काड्या फोन आणि नोडमधल्या सिग्नलची ताकद सांगतात, नोडच्या मागची अवस्था नाही.

म्हणून आधी मोजा. अँड्रॉइडवर एखादं वायफाय अ‍ॅनलायझर अ‍ॅप घ्या, फक्त मुख्य राउटर चालू ठेवा आणि घरभर फिरा. आकडा डीबीएममध्ये, उणे चिन्हासह दिसतो. उणे ५० म्हणजे झकास, व्हिडिओ कॉलला साधारण उणे ६७ पर्यंत चालतं, उणे ८० म्हणजे नावापुरतं. १० डीबीएम कमी झाले की सिग्नलची ताकद दहाव्या हिश्शावर येते, हे लक्षात ठेवा. ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ६५ च्या आसपास असेल, तिथेच नोड ठेवा. जुन्या घरात ही जागा बहुधा दाराच्या रेषेत सापडते. लाकडी दार सिग्नलला फारसं अडवत नाही, दगड अडवतो. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांच्यामागे मात्र नोड नको. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते, त्यामुळे मे महिन्यात केलेलं मोजमाप जुलैत पुन्हा करा.

आमच्याकडे खरा उपयोग झाला तो माळ्याचा. खोल्यांमधल्या भिंती माळ्याच्या वर जात नाहीत, खाली नुसत्या लाकडी फळ्या. तिथून कॅट ६ केबल नेली आणि नोड वायरने जोडला. माझ्या मते वायर शक्य असेल तर दुसरा विचारच करू नका. ड्युअल-बँड मेशमध्ये नोड फोनशी आणि मुख्य राउटरशी एकाच रेडिओवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. वायरने ती अडचणच संपते. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. पण गोठा किंवा वेगळ्या इमारतीपर्यंत उघड्यावरून नेऊ नका, विजेचा धोका असतो. तिथे फायबर बरा.

कंपनीने दिलेल्या राउटरचं स्वतःचं वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन त्यालाच चिकटून राहतो.

आणि वीज गेली की मुख्य राउटरला यूपीएस असून भागत नाही. प्रत्येक नोडला, आणि फायबरच्या डबीलाही, बॅकअप लागतो. छोटा यूपीएस घेताना अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या.